एमपी-०९ ची गाडी नेपाळात नेताना

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरचं एक कुटुंब दिवाळीनंतर स्वतःच्या गाडीने उत्तर प्रदेशातल्या सोनौलीच्या सीमेवरून पोखरा आणि काठमांडूला निघालंय. नेपाळात एकूण नऊ दिवस. गाडी २०१८ ची हॅचबॅक, कंपनीतूनच पेट्रोल-सीएनजी आलेली, नंबर एमपी-०९. आरसी वडिलांच्या नावावर आहे आणि ते येणार नाहीत. कर्ज दोन वर्षांपूर्वी फिटलं, पण आरसीवर बँकेचं नाव अजून तसंच आहे. गाडीत प्रश्नकर्ता, त्याची बायको, ६८ वर्षांची आई, १६ वर्षांची मुलगी आणि १० वर्षांचा मुलगा. तिकडे गाडी कायदेशीर चालवायची तर काय तयारी करावी आणि आंतरराष्ट्रीय लायसन्स काढावं का, असं विचारलं आहे.

लायसन्सचं आधी संपवतो. नेपाळसाठी आंतरराष्ट्रीय परवाना लागत नाही, आपलं एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या मोटारीचं, भारतीय लायसन्स चालतं. फॉर्म ४-ए भरून, हजार रुपये फी देऊन इंदूरच्या नायता मुंडलाच्या आरटीओतून मिळणारा तो परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारातल्या देशांसाठी असतो, त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते आणि भारतात तो चालतच नाही. तो काढायचा वेळ वाचवा आणि गाडीच्या कागदांना द्या. कारण खरी अडचण तिथे आहे.

भारतात तुमची गाडी हे वाहन असतं. सीमा ओलांडली की नेपाळच्या लेखी ती जकात न भरता, परत नेण्याच्या बोलीवर काही दिवसांसाठी आत सोडलेली मौल्यवान वस्तू होते. नेपाळात गाडीवर जकात, अबकारी आणि व्हॅट मिळून किंमत दुपटी-तिपटीवर जाते, त्यामुळे 'फिरायला' आलेली गाडी तिथेच विकली जाऊ नये याकडे त्यांचं बारीक लक्ष असतं. त्यांच्या कस्टम्सला भन्सार म्हणतात. भन्सारच्या खिडकीतला माणूस तुमचा इंजिन ऑइल बदलल्याचा कागद बघत नाही. तो तीन गोष्टी बघतो: ही गाडी नक्की कोणती, ती कोणाची, आणि परत कधी जाणार. या तिन्हींची उत्तरं कागदावर एकसारखी असली की पाऊण तासात काम होतं. एकात जरी फट असली की दलाल पुढे येतो.

ही गाडी नक्की कोणती

एका रविवारी सकाळी गाडी सावलीत उभी करा आणि आरसी हातात घ्या. बऱ्याच हॅचबॅकमध्ये पुढच्या डाव्या सीटखाली गालिच्याला एक झडप कापलेली असते. ती उचलली की पत्र्यावर ठोकलेला चेसिस नंबर दिसतो. काही गाड्यांत तो बॉनेटखाली, इंजिनाच्या मागच्या भिंतीवर असतो. धूळ आणि चिखल बसलेला असला तर फडक्यावर थोडं रॉकेल किंवा डिझेल घेऊन पुसा. पॉलिश पेपर मुळीच घासू नका. घासलेला नंबर पुढे कोणत्याही तपासणीत 'छेडछाड केलेला' ठरू शकतो.

आता १७ अक्षरं-आकडे एकेक करून आरसीशी जुळवा. चेसिस नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. तुमच्या आरसीवर त्या १७ जागांत ओ किंवा आय आढळलं तर ती टाइप करणाऱ्याची चूक आहे, शंकाच नको. विम्याच्या पॉलिसीवरचा चेसिस नंबरही तपासा. आरसी बरोबर आणि पॉलिसीत एक आकडा उलटा, असं पुष्कळ वेळा निघतं, विशेषतः एजंट बदलला असेल त्या वर्षी. पॉलिसीतली चूक ई-मेलवर दुरुस्त होते. आरसीतली असेल तर आरटीओत चेसिसचा पेन्सिल प्रिंट लावून दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो, म्हणून हे काम सर्वांत आधी.

इंजिन नंबरही बघा. इंजिन किंवा नुसता ब्लॉक कधी बदलला असेल आणि आरसीवर चढवला नसेल तर ती गाडी भारतातसुद्धा कागदोपत्री वेगळीच आहे.

तुमच्या गाडीत इंधनाच्या रकान्यात 'पेट्रोल/सीएनजी' असणार, कारण किट कंपनीचं आहे. बाहेरून किट बसवलेल्यांनी हा रकाना नक्की पाहावा. नुसतं 'पेट्रोल' असेल आणि डिकीत सिलिंडर असेल तर तो बेकायदा बदल ठरतो आणि अपघातात विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते. २०१८ च्या गाडीचा हिशेब २०२१, २०२४, २०२७ असा येतो. टेस्टची पट्टी गॅस भरायच्या नोझलजवळ किंवा सिलिंडरवर असते, तारीख वाचून घ्या.

नंबर प्लेट हाय सिक्युरिटीच हवी, पुढे-मागे दोन्ही, स्नॅप लॉकने बसवलेली. तुमची गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, म्हणजे प्लेट नंतर बसवलेली असणार. अशा प्लेटांवरचा लेझर कोड कधीकधी आरटीओच्या नोंदीत चढलेलाच नसतो. वाहन पोर्टलवर गाडीचा तपशील उघडून बघा. या दोन प्लेटांखेरीज पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला एक स्टिकर असतो, पेट्रोल-सीएनजीसाठी फिकट निळ्या रंगाचा. तोही शाबूत हवा. नेपाळी पोलीस हा स्टिकर विचारणार नाही, पण सोनौलीपर्यंतचा सगळा उत्तर प्रदेश पार करायचा आहे. ज्यांच्या जुन्या गाडीवर अजून हौसेने देवनागरीत 'म.प्र.०९' लिहिलेलं आहे त्यांनी ती प्लेट घरात आठवण म्हणून ठेवावी. नंबर रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच लागतो.

ती कोणाची

इथे तुमच्या दोन गाठी आहेत.

पहिली बँकेची. कर्ज फिटलं की बँक एनओसी आणि फॉर्म ३५ देते, तो आरटीओत चढवून आरसीवरचं बँकेचं नाव काढायचं असतं. अर्ध्या लोकांचं हे राहून जातं, कारण गाडी विकेपर्यंत काही अडत नाही. सीमेवर मात्र आरसीवर बँकेचं नाव दिसलं की गाडीवर दुसऱ्याचाही हक्क आहे असा अर्थ निघतो. एनओसीला मुदत असते, दोन वर्षांपूर्वीची आता चालणार नाही. शाखेत जाऊन नवी मागा. आधी थकलेली चलानं भरून टाका. इंदूरच्या चौकांतल्या कॅमेऱ्यांनी काढलेलं एखादं सिग्नल तोडल्याचं चलान पडून असलं की पोर्टलवर पुढचं काम अडतं आणि आपण बँकेला दोष देत बसतो. यात दोन-तीन आठवडे जातात असं धरा. ज्यांचं कर्ज अजून चालू आहे त्यांनी बँकेकडून लेटरहेडवर पत्र घ्यावं: गाडी नंबर, चेसिस नंबर, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत नेपाळला नेण्यास हरकत नाही. बहुतेक कर्जकरारांत परवानगीशिवाय गाडी देशाबाहेर नेऊ नये अशी अट असतेच, आपण वाचलेली नसते इतकंच.

दुसरी गाठ वडिलांची. मालक गाडीत नसेल तर अधिकारपत्र लागतं. कोऱ्या कागदावर 'माझा मुलगा गाडी नेत आहे' एवढं लिहून चालत नाही. स्टँप पेपरवर, नोटरी केलेलं, इंग्रजीत किंवा हिंदीत हवं. मराठीत करू नका, तिकडे हिंदी सहज वाचतात. त्यात वडिलांचं नाव आरसीवर आहे त्याच स्पेलिंगने, गाडी नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर, चालवणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि लायसन्स नंबर, कोणत्या तारखांना, आणि गाडी परत आणण्याची जबाबदारी कोणाची हे सगळं यायला हवं. बायकोही गाडी चालवणार असेल तर तिचं नाव आत्ताच घाला. वडिलांच्या ओळखपत्राची सही केलेली प्रत सोबत जोडा.

स्पेलिंगचं मुद्दाम सांगतो, कारण इंदूरच्या मराठी घरांत हा घोळ हमखास असतो. आरसीवर 'व्ही जी जोशी', लायसन्सवर 'विनायक जोशी', मतदार कार्डावर हिंदी उच्चाराने 'विनायकराव गजानन जोशी'. तिघे एकच हे आपल्याला कळतं, खिडकीतल्या माणसाला नाही. चालकाचं नाव लायसन्स आणि मतदार कार्डावर जुळलं पाहिजे, आणि मालकाचं नाव आरसी, पॉलिसी आणि अधिकारपत्रावर.

मूळ आरसी सोबत हवी. डिजिलॉकर आणि एमपरिवहन भारतात चालतं, नेपाळी भन्सारला ते मानायचं बंधन नाही. तुमच्याकडे कार्ड असेल तर प्रश्नच नाही. नुसती ई-आरसीची पीडीएफ असेल तर रंगीत प्रिंट काढा आणि सोबत आरटीओकडून गाडीच्या तपशिलाचा, म्हणजे आरसी पर्टिक्युलर्सचा, गोल शिक्क्याचा उतारा घ्या. गोल शिक्क्याचा मान सीमेवर अजून टिकून आहे. प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स घरूनच काढून न्या.

माणसांचे कागद पटकन. भारतीयांना व्हिसा नाही. प्रौढांना पासपोर्ट किंवा मतदार कार्ड. आधार ६५ च्या वरच्यांना आणि १५ च्या खालच्यांना चालतं, म्हणजे आई आणि मुलगा सुटले. १६ वर्षांची मुलगी मधे अडकते: पासपोर्ट नसेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठराविक नमुन्यातलं ओळख प्रमाणपत्र घ्या. शाळा दिवाळीच्या सुट्टीत बंद असते हे लक्षात ठेवून आधीच. बरोबर एखादा अमेरिकी पासपोर्टचा पुतण्या येणार असेल तर त्याचं गणित पूर्ण वेगळं. त्याला नेपाळचा व्हिसा लागतो, आणि भारतात परत यायला कोणता व्हिसा चालेल तेही आधी बघावं लागतं.

विमा: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं

पॉलिसीच्या पहिल्या पानावर 'जिओग्राफिकल एरिया' अशी एक ओळ असते. पुढे 'इंडिया' लिहिलेलं असतं. याचा अर्थ शब्दशः घ्यायचा: सीमेच्या कमानीपलीकडे चार फूट गेलात की तुमचा सर्वसमावेशक, झीरो डेप्रिसिएशनवाला, पंधरा हजारांचा विमा शून्य होतो.

उपाय मोटार टॅरिफमध्येच, म्हणजे मोटार विम्याच्या दर-नियमांतच, आहे. आयएमटी-१ नावाचं एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली जादा नोंद, घेऊन पॉलिसीचं क्षेत्र बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव यांपैकी हव्या त्या देशापर्यंत वाढवता येतं. टॅरिफमध्ये यासाठी पॅकेज पॉलिसीला ५०० रुपये आणि नुसत्या थर्ड पार्टीला १०० रुपये असा सपाट दर आहे, वर जीएसटी. बारा महिन्यांपर्यंत चालतं. विमा कंपनीच्या अॅपवर हा पर्याय बहुधा सापडत नाही आणि कॉल सेंटरवरच्या मुलाला माहीत नसतं. म्हणून शाखेला किंवा अंडररायटिंग विभागाला ई-मेल करा, विषयात पॉलिसी नंबर आणि 'नेपाळ, आयएमटी-१' लिहा, तारखा द्या, आरसीची प्रत जोडा. आलेल्या एंडॉर्समेंटवर तीन गोष्टी तपासा: देशाचं नाव आहे का, सुरुवातीची तारीख तुमच्या प्रवेशाआधीची आहे का, आणि ते ओन डॅमेज (आपल्या गाडीचं नुकसान) आणि थर्ड पार्टी दोन्हींना लागू आहे का. ज्यांच्या दोन वेगळ्या पॉलिसी आहेत (नव्या गाड्यांची तीन वर्षांची थर्ड पार्टी आणि दर वर्षाची ओन डॅमेज) त्यांना दोन्हीकडे हे करून घ्यावं लागतं. हा सापळा आहे.

एंडॉर्समेंट झालं म्हणजे सगळं भारतासारखं मिळेल असं नाही. कॅशलेस गॅरेज आणि रस्त्यावरची मदत तिकडे मिळेल असं गृहीत धरू नका. पैसे भरा, पावत्या आणा, इथे क्लेम करा, असाच मामला समजा. अपघात झाला तर गाडी हलवण्याआधी चारी बाजूंनी फोटो, पोलिसांकडून जागेचा पंचनामा (तिकडे त्याला मुचुल्का म्हणतात), आणि त्याच दिवशी विमा कंपनीला ई-मेल. सीमेवर नेपाळी थर्ड पार्टी विमा विकणारे बसलेले असतात. अधिकाऱ्याने मागितला तर वाद घालू नका, घेऊन टाका. तिकडच्या कोर्टात तिकडचीच पॉलिसी सरळ चालते.

आसनक्षमतेचंही इथेच येतं. आरसीवर ५ म्हणजे चालक धरून ५. तुम्ही बरोबर पाच आहात. वाटेत गोरखपूरहून कोणी सहावा नातेवाईक बसवू नका.

गाडीची खरी तयारी

इंदूरहून भोपाळ, झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर करत सोनौली साधारण साडेअकराशे ते बाराशे किलोमीटर. हा सगळा रस्ता गाडीला सोपा आहे. त्रास नेपाळातल्या बुटवलनंतर, घाटात सुरू होतो.

सीएनजी नेपाळात मिळत नाही. तुमची गाडी तिकडे निव्वळ पेट्रोलची आहे. इंदूरमध्ये स्वस्त पडतं म्हणून वर्षभर अवंतिकाच्या सीएनजी पंपावरच रांग लावणाऱ्यांच्या गाडीत पेट्रोल फक्त सकाळी स्टार्ट होण्यापुरतं वापरलं जातं. टाकीत तेच दहा-बारा लिटर महिनोन्महिने पडून असतं, इंजेक्टरवर डिंकासारखा थर बसतो, आणि घाटात पूर्ण जोर मागितला की गाडी झटके देते. म्हणून निघण्याआधी किमान दोनशे-तीनशे किलोमीटर निव्वळ पेट्रोलवर चालवा. देवासची एक-दोन फेरी आणि मांडूची एक, एवढं पुरे. झटके आले तर ते इथे येऊ देत, मेकॅनिक इथे आहे. सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह सीमेआधी बंद करा. टाकी ३२ ते ३७ लिटरची, चढावर सरासरी १३-१४ धरली तरी चारशे किलोमीटर निघतात, म्हणजे पेट्रोलची काळजी नाही.

सिलिंडरने डिकी खाल्लेली असते, त्यामुळे सामान टपावर जातं किंवा स्टेपनीवर रचलं जातं. घरी एकदा पूर्ण सामान भरून मग स्टेपनी काढून बघा. जॅक, पाना आणि स्टेपनी बाहेर यायला किती मिनिटं लागतात ते कळेल. दहाच्या वर गेली तर मांडणी बदला. ट्यूबलेस पंक्चर किट आणि छोटा कंप्रेसर हाताशी ठेवा.

टायरची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर खाच, म्हणजे खाचेतल्या छोट्या उंचवट्याला टायर घासून लागलं की ते संपलं. या प्रवासाला मी ३ मिलिमीटरच्या खाली जाऊ देणार नाही. २०१८ चेच टायर असतील तर खाच असूनही रबर कडक झालेलं असतं. कडेला चार आकड्यांचा शिक्का बघा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. हवा थंड टायरात, चालकाच्या दारालगतच्या स्टिकरवर 'पूर्ण भार' म्हणून दिलेला आकडा बघून.

ब्रेकवर थांबतो, कारण नेपाळात सपाट मुलखातल्या गाड्या इथेच फसतात. बुटवलहून तानसेनमार्गे पोखऱ्याला जाणारा सिद्धार्थ राजमार्ग दीडशे-एक किलोमीटरभर वळणांचा आहे. परत येताना लांब उतार लागतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. दोन-तीन वर्षं न बदललेल्या ऑइलचा उत्कलनबिंदू इतका खाली येतो की सतत ब्रेक दाबत उतरलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल एकदम स्पंजासारखं खाली जातं. पॅड नवे असले तरी. म्हणून ऑइल पूर्ण बदलून घ्या (डॉट-३ की डॉट-४ ते झाकणावर लिहिलेलं असतं), चारी चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून. पुढचे पॅड ३ मिलिमीटरच्या खाली असतील तर नवे, मागचे लायनर उघडून बघायला सांगा. आणि चढताना जो गियर लागला तोच उतरताना, हे जुनं गणित पाळा. काठमांडूच्या वाटेवरचा मुग्लिंगचा रस्ता नदीच्या कड्याने जातो आणि पावसाळ्यात दरडी कोसळतात. जुलै २०२४ मध्ये सिमलतालला दोन बसेस नदीत गेल्या त्या याच पट्ट्यात. दिवाळीनंतर कोरडं असतं, तरी तो टप्पा दिवसाउजेडी करा.

दिवे कायद्याच्या आत हवेत. एच-४ चा मूळ बल्ब ६०/५५ वॅटचा. बाजारातले १००/९० चे किंवा कूलिंग पंख्याचे एलईडी काढून मूळचे बसवा. पाच माणसं आणि सामान घेतलं की गाडीचं नाक वर होतं आणि लो बीम समोरच्याच्या डोळ्यात जातो. स्टिअरिंगच्या उजवीकडे ० ते ३ ची छोटी चकती असते ती याचसाठी, पूर्ण भारात २ किंवा ३ वर ठेवा. बुल बार लावला असेल तर काढा, डिसेंबर २०१७ पासून त्याला बंदी आहे. काचांवरची काळी फिल्म २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून चालत नाही, उत्तर प्रदेशात त्यावर हमखास थांबवतात. पीयूसी बीएस-४ गाडीला बारा महिन्यांची असते. परतीच्या तारखेपर्यंत चालेल अशी घ्या. प्रथमोपचार पेटी, परावर्तक त्रिकोण आणि एक किलोचा अग्निशामक, एवढं सामान गाडीत हाताला लागेल असं.

परत कधी जाणार: भन्सारची पावती

सोनौलीची कमान ओलांडली की नेपाळकडचं बेलहिया. गाडी कडेला लावा, आरसी, लायसन्स आणि अधिकारपत्र घेऊन भन्सारच्या खिडकीवर स्वतः जा. दिवसाप्रमाणे फी, कारला रोजचे काही शे नेपाळी रुपये. दर त्यांच्या अर्थसंकल्पाबरोबर बदलतो आणि त्यांचं आर्थिक वर्ष जुलैच्या मध्याला सुरू होतं, म्हणून गेल्या वर्षी जाऊन आलेल्यांचा आकडा धरू नका, खिडकीवरचा फलक वाचा. गणित सोपं: १ भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी, १९९३ पासून तोच. शंभरच्या नोटा पुरेशा ठेवा, मोठ्या नोटांवरून कटकट होते. दुकानांत आता बऱ्याच ठिकाणी यूपीआयचा क्यूआर चालतो, भन्सारला रोखच धरून चला. फास्टॅग अर्थातच निरुपयोगी. सीमेलगतच्या गावातून त्याच दिवशी परतणाऱ्यांसाठी 'सुविधा' नावाची वेगळी पावती असते. ती घेऊन पुढे काठमांडूकडे निघणं म्हणजे विनापावती गाडी चालवणं. दलाल मुद्दाम ती सुचवतो.

दिवस मोजताना प्रवेशाचा आणि बाहेर पडायचा दिवस दोन्ही धरा. सोमवारी दुपारी आत आणि पुढच्या आठवड्यात मंगळवारी बाहेर म्हणजे नऊ. पावती अकरा दिवसांची घ्या. दोन दिवसांची फी ही दरड किंवा तापाच्या विम्यासारखी आहे. रात्री अकराला सीमा ओलांडू नका, तासाभरासाठी एक दिवस जातो. त्यात त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे.

मराठी माणसाला आणखी एक गंमत अडते. पावतीवरची तारीख विक्रम संवतात असते. आपण पंचांग पाहणारे, 'कात्तिक' वाचलं की कार्तिकच समजतो. त्यांचे महिने सौर आहेत, इंग्रजी महिन्याच्या मध्यावर सुरू होतात आणि २९ ते ३२ दिवसांचे असतात. आपल्या तिथीशी संबंध नाही. खिडकीवरच विचारून शेवटच्या दिवसाची इंग्रजी तारीख पावतीच्या मागे पेनाने लिहून घ्या. गाडी नंबरही तिथेच तपासा, झीरो आणि आठची गफलत तिथल्या तिथे दुरुस्त होते, पोखऱ्यात नाही.

मुक्काम वाढवायचा तर मुदत संपण्याआधी भन्सार कार्यालयात जा, आणि शनिवारी सरकारी सुट्टी असते हे ध्यानात ठेवा. वर्षाकाठी एकूण ३० दिवसांची मर्यादा आहे. गाडी तिकडे ठेवून विमानाने परतायचं नाही. अपघातात पूर्ण मोडली तरी टो करून परत आणावी लागते किंवा भन्सारमध्येच तिचा निकाल लावावा लागतो.

काठमांडूत दोन गोष्टी सांभाळा. एप्रिल २०१७ पासून खोऱ्यात हॉर्न वाजवायला बंदी आहे, जी इंदूरच्या हाताला जड जाते. आणि दारू पिऊन गाडी चालवण्याची तपासणी, ज्याला ते 'मापसे' म्हणतात, फार कडक आहे.

भूतानचं कोणी विचारेल म्हणून: माणशी रात्रीला १,२०० रुपये विकास शुल्क आहेच, त्याखेरीज सीमेवरच्या फुन्शोलिंगच्या पुढे भारतीय गाडी नेली तर गाडीला दिवसाचे ४,५०० न्गुलत्रुम, म्हणजे तेवढेच रुपये. सीमेअलीकडच्या जयगावला गाडी लावून भूतानी टॅक्सी घेणं परवडतं. आणि इराण किंवा त्यापलीकडे जायचं तर खेळ वेगळा. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून कार्नेट, म्हणजे जकात न भरता गाडी तात्पुरती नेण्याचं पुस्तक, काढावं लागतं, त्यासाठी बँक गॅरंटी द्यावी लागते. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात: खालचा भाग प्रवेशाला कस्टम्स फाडून घेतं, मधला निर्गमनाला, वरचा दोन्ही शिक्के घेऊन आपल्याकडे राहतो. निर्गमनाचा एक शिक्का राहिला तर तो देश जकात गॅरंटीतून मागतो. त्या देशांत रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणून लो बीमच्या डाव्या वरच्या कोपऱ्याचा झोत झाकायला हेडलाइटवर पट्ट्या लागतात. मागे पांढऱ्या लंबगोलात काळ्या अक्षरांत देशाचं चिन्ह लागतं. हाय सिक्युरिटी प्लेटवरचं बारीक निळं 'आयएनडी' त्याची जागा घेत नाही.

परतताना बेलहियात सरळ कमानीकडे जाऊ नका. आधी भन्सारला थांबून पावती दाखवा, गाडी बाहेर गेल्याची नोंद करून घ्या आणि शिक्का पडल्यावर पावतीचा फोटो काढा. ती नोंद झाली नाही तर त्यांच्या वहीत गाडी अजून नेपाळातच आहे, आणि पुढच्या खेपेला खिडकीवर तेवढ्या दिवसांचा हिशेब निघतो. भारतीय बाजूला सशस्त्र सीमा बल डिकी उघडायला लावतं. टपावरच्या बांधलेल्या सामानाची गाठ सोडता येईल अशीच मारा.